तिसरं वाचन

मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत,
वजनकाट्यांच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून
आमची लॅब. दोन खोल्या, एक एसी, तोही यंत्रासाठी.
माझ्या टेबलावर रोज पिवळ्या पुड्या येतात.
नावं नसतात, क्रमांक असतात.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी बापू विचारायचे,
"एवढं एसटीनं हेलपाटं घालून
काय शिकवत्यात गं तिथं?"
थेंब मोजायला, मी म्हणायचे.
ते हसायचे.
दिवसाला दोनशे पोती पाठीवरून उतरवणारा माणूस
थेंबाला हसणारच.

खरं तर मलाही हसू यायचं.
निम्मी तीन वर्षं कँटीनच्या कट्ट्यावर गेली,
भडंगाच्या एका पुडीत चौघी,
उरलेली झेरॉक्सच्या रांगेत.
ज्या धड्यांवर मार्क मिळाले
त्यातला एकही आज धड आठवत नाही.

आठवतात ते दस्तगीरमामा, लॅबचे शिपाई, आठवी नापास.
कुणाचीही ब्यूरेट उजेडाकडे धरायचे:
"काचेला थेंब चिकटून ऱ्हायला की समजायचं पोरी,
धुतली न्हाई."
मग पुन्हा धुवायची. मग पुन्हा.
आज मला पगार बहुतेक त्या धुण्याचाच मिळतो.

आणि नांद्रेकर मॅडम.
सगळ्यांचं वाचन येत होतं अकरा पूर्णांक आठ,
माझं बारा पूर्णांक चार.
मी जर्नलात अकरा आठ लिहिलं, सुबक अक्षरात.
मॅडमनी लाल शाई वापरली नाही,
समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं,
"हा आकडा छान आहे. तुझा कुठे आहे?"
माझा चुकलेलाच होता.
तरी त्यांना तो बघायचा होता.

गेल्या गुरुवारी एक पुडी आली, एकशे सतरा.
सुतळीची गाठ दुहेरी, आत वळवलेली, टोक डावीकडे.
ही गाठ माझ्या दप्तराच्या तुटलेल्या बंदाला
चौथीपासून दहावीपर्यंत होती.
यार्डात ती एकच माणूस मारतो,
आणि तो माणूस तेवीस वर्षं एकाच अडतीवर आहे.

परीक्षानळीत चिमूटभर हळद, वर स्पिरिट,
मग आम्लाचे थेंब.
गुलाबी झालं.
गुलाबी तर चांगली हळदही होते,
म्हणून पाणी घालून बघायचं.
रंग उतरला तर हळदीचा,
राहिला तर कारखान्यातला.

राहिला.

नळी धुतली, उजेडाकडे धरली, पुन्हा केलं.
राहिला.
डबा उघडला, तसाच बंद केला.
तिसऱ्यांदा करताना ओठातल्या ओठात म्हणत होते,
उतर बाई, उतर.
असं म्हणायला कुठल्याच सेमिस्टरला शिकवलं नव्हतं.

समोर छापील फॉर्म, शेवटचा रकाना रिकामा.
पदवीचं प्रमाणपत्र घरी पत्र्याच्या ट्रंकेत आहे,
प्लास्टिकच्या पिशवीत, पुराला भिऊन.
त्यावर या दुपारबद्दल काही छापलेलं नाही.
मला दिसत होती फक्त ती बारीक पेन्सिल.

जे आलं ते लिहिलं.
खाली सही, पूर्ण नावानं, नियमच आहे तसा:
वैजयंता भूपाल मगदूम.
मधलं नाव बापूंचं.
ते गाळता येत नाही.

संध्याकाळी बापू आले, मोरीत हात धुवायला बसले.
साबण लागला तसा फेस लालसर झाला, रोजच्यासारखा.
लहानपणी मला ते रक्त वाटायचं.
मग एका प्रॅक्टिकलला कळलं,
क्षार लागला की हळद लाल होते,
आणि त्या दिवशी घरी येऊन मी त्यांना ते सांगितलं होतं,
फार मोठी बातमी असल्यासारखं.

"काय बघत्यास?"
"रंग," म्हटलं,
आणि टॉवेल पुढे केला.
जे सांगायचं होतं
ते जेवण झाल्यावर सांगितलं.