लहान मोटर

डिसेंबरात कूलरला कोणी विचारत नाही.
इतवारी लग्नाच्या साड्यांनी उजळलेली,
आणि आमच्या बोळात शेवटून दुसरं शटर:
हेडाऊ वाइंडिंग. पाटीवर अजून बाबांचंच नाव.
मी भंगारातल्या स्टेटरमधून जुनं तांबं उपसत होते
तेव्हा तो आला, हेल्मेट न काढता,
आणि खिशातून काढलं
चुन्याच्या डबीपेक्षा लहान काहीतरी.

"ताई, हे होईल काय?"
"हे काय होय?"
त्यानं बोळाच्या दोन्ही टोकांकडं पाहिलं.
"कॉइल जळली. सदरचा एक जण करून द्यायचा,
त्यानं आता मोबाइलचे कव्हर विकणं सुरू केलं."

झाकण फिरवलं.
आत दोन खांब, बारीक स्क्रू,
मधे काळी पडलेली तारेची स्प्रिंग
आणि तिच्या पोटात कोळसा झालेला कापूस.
नाकाशी नेलं. ओळखीचा वास,
पाणी संपल्यावर रात्रभर कोरडा चाललेल्या पंपाचा.

मला हसू आलं.
हा तर कूलरच, उलटा.
तिथं पाणी वाळ्यातून उतरतं, इथं कापसातून चढतं,
तिथं वारा गार होऊन येतो, इथं धूर...
"धूर नाही ताई, वाफ."
"बरं. वाफ."

छत्तीस गेजचे साडेतीनशे वेढे
मी बोलता बोलता घालते, मोजणं बोटांत असतं.
इथं फक्त सहा, ड्रिलच्या पात्यावर.
सहा वेढ्यांत चूक लपवायला जागा नसते.
पहिल्यांदा पाय आखूड कापला गेला.
दुसऱ्यांदा स्क्रू आवळताना तार तुटली.
तिसऱ्यांदा खांबाला टेकली, मीटर शून्य.
चौथ्यांदा बसली. पॉइंट सहा.
बटण दाबलं, तर एकच कडेचा वेढा तापून लाल,
बाकीचे थंड, सरकारी हपिसासारखे.
चिमट्यानं चेपलं, खरवडलं, पुन्हा दाबलं.
मग लाली मधून उगवली
आणि दोन्ही बाजूंना सारखी गेली.

कापूस उरला.
वर गेले. आई टीव्हीसमोर वाती वळत होती,
शेकड्यानं विकते. तिच्या ताटातला एक पेळू उचलला.
"कोणत्या देवाची?"
"सांगतो मंग."
"दाबून वळू नोको. तेल चढत नाही,"
ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.
ठासला तर तहानेनं जळतो, ढिला सोडला तर गळतो.
एवढंच शिकायचं होतं, आणि ते घरातच होतं.

पावतीपुस्तकात लिहिलं:
मोटर, लहान. एक नग. ऐंशी रुपये.
"नाव?"
"प्रज्योत लिहा. पुढचं राहू द्या."
बंदी त्या डबीवर आहे. मोटरवर नाही.

जाताना हेल्मेट वर सरकवून म्हणाला,
"यानं खर्रा सुटला, ताई.
तोंड दोन बोटं उघडायचं. आता अडीच."
आणि तीन बोटं उभी धरून दाखवली, तिसरं अर्धं मुडपून.

बाबांचं शेवटी एक उघडायचं.
चहा आधी बशीनं, मग नळीनं.
तरी खुणेनं सांगायचे, वेढा ढिला आहे, काढ.
मी त्याला शाबास म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.
काय सोडून काय धरलं
हे माझं मीटर दाखवत नाही, ते फक्त ओहम सांगतं.

दर पंधरवड्याला यायचा. फेब्रुवारीत दोनदा.
एकदा आंब्याचा वास घेऊन, एकदा नुसताच, गप्प.
मग मार्च लागला, दारात मोटरींची रांग,
वार्निशनं बोटं चिकट, जेवायला चार वाजतात.

तो आला नाही.
सुटला असेल. किंवा दुसरीकडं स्वस्त होत असेल.
किंवा पुन्हा पानठेल्यावर
कोणी त्याच्यासाठी पन्नीत खर्रा घोटत असेल.

करून ठेवलेली एक कॉइल
टेबलाच्या काचेखाली आहे, सहा वेढ्यांची.
काल आईनं जेवताना विचारलं,
"तुह्या त्या देवाची वात संपली नाही काय अजून?"
मी म्हटलं, भाजी वाढ.