पंक्चर

चोडणच्या रस्त्यावर बाबा सायकल ढकलत चालतात
आणि दर चार माणसांमागे एकजण विचारतोच,
"कितें रे शाणू, पंक्चर?"
"हय, पंक्चर."
दोन्ही चाकांत हवा ठणठणीत असते.
मीच भरते, दर रविवारी.

सत्तावीस वर्षं त्यांनी फेरीबोटीवर दोर सांभाळला.
फळी धक्क्याला टेकायच्या आधीच
मधल्या पाण्यावरून उडी घेत,
खांबाला वेढा देऊन मोकळे.
तेव्हा त्यांची चाल ऐकू येत नसे.
मांजराचा तरी आवाज होतो, आई म्हणायची.

आता ऐकू येते.
डावा पाय, टप.
उजवा, फट्, आणि मागून एक सरपटती रेघ.
टाच टेकण्याआधीच पाऊल लादीवर पडतं,
ओलं फडकं पडावं तसं.
आई निवत्या भातापाशी बसून मोजते,
दारापासून विहिरीपर्यंत किती फट्,
आणि कालच्यापेक्षा किती जास्त.

आम्हाला कळायच्या आधी कळलं ते चांभाराला.
म्हापशाच्या शुक्रवारी चप्पल उलटी करून
त्याने अंगठ्याखालच्या भोकावरून नख फिरवलं.
"टाच बघा, नवीच्या नवी.
हा माणूस पाय उचलत नाही, ओढतो.
चपलेला काही झालेलं नाही, बाई."
पैसे घेतले नाहीत त्याने.

मग बांबोळी.
उजेडासमोर धरलेली काळी फिल्म,
चवथ्या-पाचव्या मणक्यामधली सरकलेली गादी,
आणि नसांना उरलेली वाट,
मानशीच्या फळ्या पाडल्यावर उरते तेवढी :
नदी आहे, शेत आहे,
मधे फक्त एक झिरपती फट.
"टाचांवर चालून दाखवा," डॉक्टर म्हणाली.
डावी टाच उभी राहिली.
उजवं पाऊल वर यायचं विसरलं.
बाबा हसले,
पाढा अडलेल्या मुलासारखे.

"चालताना?"
"शंभर पावलं. मग पोटऱ्यांत शिसं भरतं, मुंग्या येतात."
"वाकलं की?"
"बरं वाटतं."
"सायकलवर?"
"सायकलवर म्हाका सांगा तितें,
बेट पुरं फिरून येईन."
तिने मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं.
चढ त्यांना सोसतो.
उतारावर पाठ सरळ होते,
आणि सरळ झाली की संपलं.
ओहोटीला बोटीत उतरायचं तर
आता ते फळीच्या टोकाशी थांबतात,
सगळी माणसं, स्कूटरी, माशांच्या पाट्या जाऊ देतात,
जणू अजून ड्युटीवरच आहेत.

आम्हा पोरींना जन्मभर एकच ऐकवलं त्यांनी,
ताठ चाल गो, जमिनीत काय हरवलंय तुझं?
परवा माझ्या मुलीने मान टाकून पायरी चढताना
मी त्यांच्याकडे पाहिलं.
हँडलवर कोपरं टेकून ते उभे होते.
काही बोलले नाहीत.

आॅपरेशनची तारीख मिळालीय, नोव्हेंबरची.
गावात कुणाला ठाऊक नाही.

आणि काल जुझेचा नातू आल्विटो
पत्र्याचा डबा घेऊन आडवाच आला,
सोल्युशन, कानस, रबराचे तुकडे.
"सोंपो, शाणू अंकल, किती दिवस ढकलणार?"
सायकल उलटी केली, ट्यूब काढली,
तसराळ्यातल्या पाण्यात टाच टाच दाबत गेला.
बुडबुडा नाही.
"पंक्चर ना, अंकल."
"नीट बघ रे. बारीक असेल."

तो पुन्हा पहिल्यापासून दाबू लागला.
बाबा क्रुसाच्या पायरीवर पुढे वाकून बसले होते,
कोपरं गुडघ्यांवर,
पोटऱ्यांतलं शिसं हळूहळू उतरत असणार.
पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.
ते आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते,
हलतोय का.