लिंपण

लिमाहून आलेला पोरगा यंत्र भिंतीला टेकवतो
आणि स्वतःच श्वास रोखून धरतो.
आकड्यांतलं आम्हाला कळत नाही,
आम्ही त्याच्या भुवया वाचतो.
चूल: भुवया जागेवर.
गिनीपिगांचा कोपरा: जरा वर.
मग आईच्या खाटेमागची भिंत.
तो आकडा दोनदा लिहून घेतो.

भिंतीला कान असतात, एवढंच ऐकून होतो.
ही तर श्वास घेत होती एक्केचाळीस वर्षं
आणि सोडत होती आमच्या तोंडावर.

विटा बापाने पाडल्या.
हुआन्काव्हेलिकात मातीला तोटा नाही,
पण जुन्या भट्ट्यांखालची माती मऊ,
फुकट, आणि आयती दळलेली.
स्पेनच्या राजाच्या काळापासून तिथे तांबडा दगड भाजायचे.
आजी त्याला ल्यिंपी म्हणायची,
तिची आजी म्हणे सणाला गालांना लावायची.
बाप त्या मातीत इचू गवत कालवून
अनवाणी तुडवायचा, आठ-आठ दिवस.
संध्याकाळी पाय धुतले की परातीच्या तळाशी
एक चकाकता मणी राहायचा.
बोटाने ढोसला की एकाचे सात,
परात कलती केली की साताचा एक.
मी त्यांना मेंढरं म्हणायचे. हाकायचे.

पुढे बापाच्या हातातला चमचा
तोंडापर्यंत पोचेना.
लोक म्हणाले, दारू.
आई म्हणाली, थंडी.
आणि चिडायचा किती, मिठावरून, उघड्या दारावरून,
कशावरूनही पारा चढायचा त्याचा.
हे वाक्य मी आता जपून वापरते.

आता मी याच कामावर आहे.
अकरा घरं झाली, हे बारावं, आमचं.
झाडू लावायचा नाही, हा पहिला नियम.
आधी पाणी शिंपडायचं, मग जमीन खरवडायची,
पोती शिवायची, पोत्यावर नंबर,
नंबर वहीत, वही नीव्हेसबाईंच्या बगलेत.
पोती वर डोंगरात, अस्तर लावलेल्या खड्ड्यात.
घरात खडी, काँक्रीट. भिंतींना जाळी,
जाळीवर चुना-जिप्समचे दोन हात.

"मेला का तो?" आई विचारते.
मरत नाही, आई. आम्ही कोंडतो फक्त.
"म्हणजे तुझ्या फाउस्तो काकासारखा.
तोही दर दोन वर्षांनी सुटून येतो."

खाटेमागे पाणी मारलं तेव्हा ती वीट दिसली:
ओली असताना कुत्रं चालून गेलेली,
चार बोटं, एक गादी.
बापाने ती मुद्दाम आतल्या अंगाला लावली होती,
पाहुण्यांना दाखवायचा, हा आमच्या घराचा शिक्का.
आई म्हणाली, एवढी एक सोडा.
नीव्हेसबाई म्हणाल्या, विटेएवढी जागा
म्हणजे उघडं तोंड, फोर्तुनाता.
दोघी बराच वेळ गप्प.
थापी माझ्या हातात होती.
घमेल्यातला चुना आळायला लागला होता.

मी लिंपली.

संध्याकाळी आई शेजाऱ्यांचं कुत्रं उचलून आणते,
त्याचा पाय ओल्या भिंतीवर दाबते.
ते अंग आखडतं, शिंकतं, निसटतं.
एक ओरखडा राहतो, तिरका,
कशाचाही असेल असा.

पंधरा दिवसांनी पोरगा पुन्हा येतो.
भिंत: भुवया खाली. चक्क हसतो.
मग वळतो आणि यंत्र
खाटेवरच्या बापाच्या घोंगडीकडे नेतो.

आई आधीच तिच्यावर जाऊन बसलेली,
पाय वर घेतलेले.

या खेपेला मी त्याच्या भुवयांकडे बघत नाही.