सिंगल बेल

दर दोन तासांनी कूस बदलायची,
नाहीतर पाठीला जखम होते.
चौदा खाटा, मी, आणि एक मावशी.
तीही मालगावहून सायकलने येते, आधीच दमलेली.

घरी दिवसा झोपते तेव्हा
दोन तासांनी जाग येते मला.
आल्फ्रेड म्हणाला, काल झोपेत तू
माझ्या खांद्याखाली हात घातलास, मला वळवायला.
मी हसले. तो हसला नाही.

मंगळवारी नऊ नंबर गेल्या.
हौसाक्का. अडीच वर्षं त्यांचे केस मी विंचरले.
पहाटे गेल्या. दुपारी चारला त्याच खाटेवर
कवठेमहांकाळचे एक गुरुजी आले.
धुतलेली चादर ओलसरच होती, तशीच घातली.
रडायचं राहून गेलं.
मग ते शुक्रवारी आलं, लक्ष्मी मार्केटपाशी,
दोडक्याचा भाव विचारता विचारता.

ट्रस्टच्या ऑफिसातून कागद आला.
झोप लागते का? हो, नाही.
चिडचिड होते का? हो, नाही.
चौकटी लहान होत्या, शिफ्ट सुरू झाली होती.
कुठे खुणा केल्या, आता सांगता येणार नाही.

काल रात्री तीनला
बेसिनचा नळ सोडून मी उभी होते.
किती वेळ, माहीत नाही.
हात केव्हाच धुऊन झाले होते.

चार नंबरचे मगदूम,
एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, जत-मिरज.
उजवी बाजू गेलेली, डाव्या हातात कायम चमचा.
कठड्यावर दोनदा वाजवला की
सगळ्या वॉर्डाला कळतं: डबल बेल, चला.

काल एकदाच वाजवला.

मी धावले. पॉट हवंय? पाणी? दुखतंय कुठं?
तोंड वाकडं, शब्द जुळवायला वेळ लागला त्यांना.
"मला काय नगं. गाडी थांबवली."
चमच्यानं स्टूल दाखवलं.
"मुक्काम हाय. बसा."

बसले.
बुटातले पाय सुजले होते, ते तेव्हा दिसले.
नळ मावशीनं बंद केला.
जंक्शनवर एक इंजिन उगाच मागंपुढं करत होतं.
मगदूम चमचा छातीवर ठेवून बघत राहिले,
म्हाताऱ्या बाईचा पाय जमिनीला लागेपर्यंत
कंडक्टर दारातून बघतो, तसे.

सहा मिनिटं? दहा?
कूस बदलायची वेळ टळून गेली.
नऊ नंबरवर गुरुजी घोरत होते.

सकाळी रजिस्टरला लिहिलं: रात्र शांत.
खोडलं.
दुसरं काय लिहावं सुचेना,
आणि डबल बेल काही वाजेना.