अर्धा किलोमीटर, मुंबईमार्गे

राजारामपुरी, अकरावी गल्ली.
तेरदाळे वहिनींनी बारशाचा फोटो पाठवला
टाकाळ्याला, जावेला.
चालत गेल्या असत्या तर सात मिनिटं.
फोटो आधी मुंबईला गेला,
तिथं कुणाच्यातरी थंड खोलीत वळला
आणि कराडवरून परत आला.
जायचं भाडं मी भरलं, यायचं मगदूमनं.

सात वर्षं एकाच खांबावर
त्याची पिवळी वायर, माझी काळी.
गिऱ्हाईकं दोघांनीही पळवली.
माझी वायर त्याच्या पोरानं कापली
असं मी अजून मानतो.
त्याला विचाराल तर उंदीर.

मग इर्शाद मोमीन बोलला.
उचगावचा, आमच्यात सगळ्यात लहान,
तीनशे कनेक्शनं, त्यातली साठ थकलेली:
"बंधाऱ्याला बरगं कोण घालतंय, भावा?
दोन्ही काठची गावं घालत्यात न्हवं?
पाणी कुणाचं, ते पाणी अडल्यावर बघू."

उद्यमनगरात लेथच्या वरची खोली मिळाली.
खाली दिवसभर लोखंड सोलतात.
वर एक स्विच, चार बॅटऱ्या, जुना एसी
आणि भांडण.
"तुझी माणसं माझ्याकडनं जास्त वढत्यात,
तू जास्त भर."
"वढत्यात, कारण तुझी देत्यात.
बिल मागणाऱ्याचं का देणाऱ्याचं?"
चहा तीनदा आला. पैसे कुणीच काढले नाहीत.
चहावाल्यानं वहीत लिहिलं: वरची खोली.
तोच आमचा पहिला सामायिक खर्च.

ठरलं ते असं:
भाडं, वीज तिघांत सारखी.
ज्याचा पोर्ट मोठा, त्याची पट्टी मोठी.
आतून काय वाहतं ते मोजायचं नाही.
इर्शादला पहिलं वर्ष अर्धं;
का, ते कागदावर नाही.

रात्री साडेअकराला फायबर जोडली.
केसाएवढ्या काचेची दोन टोकं
मशीनच्या पडद्यावर समोरासमोर आली,
थोडी थांबली,
बारीक ठिणगी,
आणि सांधा शोधून सापडेना.
मगदूमनं घरातून पिंग केलं.
पूर्वी सोळा मिलिसेकंद लागायचे,
आता एकही पुरा नाही.
फोनवर तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "एवढ्या जवळ राहतोस व्हय?"

कुलपाला तीन किल्ल्या केल्या.
त्याची त्यानं पहिल्याच आठवड्यात हरवली.
नवीचे चाळीस रुपये कुणाच्या खात्यावर,
यावर रविवारी बैठक आहे.