बारा सळया

हमरानियाच्या या शेतात नोव्हेंबरात मी
बारा सळया ठोकल्या होत्या,
प्रत्येकीचं डोकं मातीच्या बरोबरीनं.
आज मार्च. शमाल तीन दिवस वाहून
काल संध्याकाळी थांबला.

गुडघे टेकून पट्टी लावतो.
पहिली, चार मिलिमीटर उघडी.
दुसरी, सहा.
तिसरी सापडत नाही. मफिजुलनं तिला
टोमॅटोचा वेल बांधलाय,
आणि वर मलाच विचारतो, ही तुमची होती?
पाचवीला अकरा. तिथली लसूणघास
खारट पाण्यानं गेल्या वर्षीच जळाली,
वाळकी मुळं आता हवेत लोंबतात.

वडील मोजणी खात्यात होते.
साखळी खांद्यावर टाकून गावोगाव जायचे.
वीतभर बांध कोरला म्हणून
भाऊ भावाच्या मयताला जात नसे,
तारखेवर तारीख पडायची.
इथं शेतच रात्रीतून उठून
शेजाऱ्याच्या हद्दीत जातं,
ना फेरफार, ना तलाठी, ना पंच.
कुंपणाच्या पल्याड गुडघाभर ढीग.
सुहैल बिन उबैद तारेवरून ओरडतो:
माझी जमीन बरी आहे ना रे?
पलीकडचा म्हणतो, खाऊन-पिऊन सुखी आहे.

तक्ता भरतो. उतार, नाही.
आच्छादन, पंधरा टक्के.
ओल: मूठ वळली, ढेकूळ होत नाही.
वायव्येला आडोसा?
सुहैल घसा खाकरतो. घाफची सात झाडं होती,
वडिलांनी पाडून तिथं ट्रॅक्टरची शेड बांधली.
ते लिहू नकोस, म्हणतो.
लिहितो: आडोसा नाही.

मफिजुल खोली झाडून बाहेर येतो.
उंबऱ्याशी साचलेली सुपलीभर माती
तो रोज चालत नेऊन
पाचव्या सळईपाशी ओततो.
कशाला?
इथलीच आहे, म्हणतो, दुसरीकडं कुठं टाकू?

काटा गाडीत होता. वजन केलं:
दोनशे ऐंशी ग्रॅम.
नऊ वर्षं झाली त्याला इथं.
समासात गुणाकार मांडला, अर्ध्यात सोडला.
तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

धोका: कमी, मध्यम, तीव्र.
तीव्रवर खूण केली.
सुहैलनं पाहिलं, काही बोलला नाही,
तरी खजुराचा डबा गाडीत ठेवलाच.

सळई क्रमांक तीन, शेरा:
वापरात.