एकसष्ट टक्के अस्वल

चिमूरच्या रस्त्याला, कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत
माझं काम: फोटो बघायचा, कळ दाबायची.
सांबर. रानडुक्कर. काही नाही. काही नाही.
फोटोमागे चाळीस पैसे.
झाडांना बांधलेले कॅमेरे पापणी लववत नाहीत,
यंत्र आधी अंदाज करतं,
चुकलं की मी त्याचा कान धरतो.

नऊ एप्रिल, पहाटे चार बावन्न.
मोहाखाली कोणीतरी वाकलेलं.
यंत्र म्हणालं: अस्वल, एकसष्ट टक्के.

मी ओळखली ती पाठ.
सायत्रा मावशी,
डोक्यावरून ओढलेली काळी चादर, शेजारी टोपली,
टोपलीत पांढरी फुलं.
रात्रीच्या कॅमेऱ्याला पिवळं कळत नाही.

पुढच्या फोटोत ती झुडपाआड बसलेली, लुगडं वर धरून.
तो मी पाहिला नाही.
म्हणजे, पाहिला.

'माणूस' दाबलं की फोटो वेगळ्या खणात जातो,
खण रेंज ऑफिसात,
मग एका सकाळी बीटगार्ड दारात, पावतीबुक घेऊन.
आणि यंत्राला कायमचं कळतं
बाई वाकली की कशी दिसते.

मी 'अस्वल' दाबलं.
दोन्हींवर.

संध्याकाळी तिला सांगितलं. अंगणात फुलं पसरत होती.
हसली, खोकला येईस्तोवर.
"अस्वलाले पास लागत नाई न रे?"
मग हात थांबले.
"अन् दुसरा? तो कोनं कोनं पायला?
मले इचारलं होतं कोनं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ऐंशी पैसे होते.

जूनच्या अहवालात आमच्या बीटात
अस्वलं वाढली.
साहेबांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पुढच्या मोहाला गावाच्या शिवेवर भोंगा बसला.
तेच यंत्र, माझ्याच हाताखाली शिकलेलं.
अस्वल दिसलं की वाजतं.
बाया फुलं वेचायला निघाल्या की वाजतं.
मावशीनंच सगळ्यांना सांगून टाकलेलं,
पहिल्या फोटोचं तेवढं.
आठ दिवसांत पोरंही भ्यायची थांबली.

आज पहाटे वाजला.
"सायत्राच असन," म्हणून गावानं कूस बदलली.

मावशी माझ्यासमोर होती,
चुलीत काडी सारत,
टोपली अजून खुंटीवर.